ऑस्कर बारनाक

ऑस्कर बारनाक (जन्म : १ नोव्हेंबर १८७९, लिनो, ब्रांडेनबुर्ग, मृत्यू : १६ जानेवारी १९३६, बाड नाउहाइम, हेसे) हे जर्मन यंत्रतज्ज्ञ, कॅमेऱ्याचे अभिकल्पक व हौशी छायाचित्रकार होते. वेट्सलार येथील एर्न्स्ट लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यात काम करीत असताना त्यांनी चित्रपटाच्या ३५ मि.मी. रुंदीच्या फिल्मवर स्थिर छायाचित्रे घेणारा लहान कॅमेरा तयार केला. हाच कॅमेरा पुढे १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला. भिंगाशी जोडलेला अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, असलेली त्याची १९३२ सालची आवृत्तीही बारनाक यांच्याच काळातील आहे. २४ × ३६ मि.मी. हे त्यांनी निवडलेले चित्राचे माप जगभर प्रमाण मानले गेले व आजही ते अंकीय कॅमेऱ्यांत ‘फुल फ्रेम’ या नावाने वापरात आहे. बारनाक यांच्या मूळ रचनेवर आधारलेले, आटे असलेल्या भिंगाचे लायका कॅमेरे ‘बारनाक लायका’ म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी अनेक कॅमेरे योग्य निगा राखल्यामुळे आजही चालू स्थितीत आहेत.

प्रारंभिक जीवन

बारनाक यांचा जन्म बर्लिनच्या दक्षिणेस असलेल्या लिनो या खेड्यात झाला. पुढे त्यांचे कुटुंब बर्लिनजवळील लिश्टरफेल्डे येथे राहावयास गेले. शालेय शिक्षणानंतर त्यांनी तेथील एका यांत्रिक कार्यशाळेत उमेदवारी केली. या कार्यशाळेत खगोलशास्त्रीय उपकरणे तयार होत असल्यामुळे सूक्ष्म व अचूक धातुकामाचे शिक्षण त्यांना तरुण वयातच मिळाले. उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या जर्मन कारागिरांच्या रीतीप्रमाणे त्यांनी निरनिराळ्या गावी फिरून काम केले. त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण घेतलेले नव्हते. कागदावरील गणितापेक्षा हाताने नमुना घडवून तो पारखणे ही त्यांची कामाची पद्धत होती व ती अखेरपर्यंत कायम राहिली.

येना येथील काळ (१९०२–१९१०)

१९०२ साली बारनाक येना येथील कार्ल झाइस या प्रख्यात प्रकाशीय उपकरणांच्या कारखान्यात रुजू झाले. या काळात त्यांना निसर्गछायाचित्रणाचा छंद लागला. सुटीच्या दिवशी ते थुरिंगियाच्या वनप्रदेशात भटकंती करीत. त्यांच्याजवळील कॅमेरा १३ × १८ सें.मी. मापाच्या काचपट्ट्यांचा होता. कॅमेरा, काचपट्ट्या भरलेल्या दुहेरी चौकटी, त्यांची चामडी पेटी व तिवई असे सारे ओझे पाठीवर घेऊन चढ चढावे लागे. बारनाक यांना दम्याचा विकार होता. त्यामुळे इतरांना केवळ गैरसोयीचे वाटणारे हे ओझे त्यांच्या छंदातील खरा अडसर ठरले.

त्या काळी छायाचित्राची प्रत बहुधा काचपट्टीवर कागद ठेवून, म्हणजे पट्टीच्याच आकाराची काढली जाई. मोठे चित्र हवे असल्यास कॅमेराही मोठाच लागे. हे समीकरण मोडून निगेटिव्ह लहान घ्यावी व प्रत मात्र मोठी करावी, असा विचार बारनाक यांनी १९०५ च्या सुमारास केला. एका १३ × १८ सें.मी. पट्टीवर पंधरा-वीस लहान चित्रे घेण्याची व्यवस्था करून त्यांनी तो करूनही पाहिला. परंतु त्या वेळच्या काचपट्ट्यांवरील रासायनिक थराचे कण मोठे असल्यामुळे वाढविलेल्या प्रती अस्पष्ट निघाल्या. प्रयोग सोडून द्यावा लागला, पण त्यामागील विचार त्यांनी सोडला नाही.

झाइस येथे असताना एमिल मेखाउ या सहकाऱ्याशी त्यांचा स्नेह जुळला. मेखाउ हे चित्रपट न थरथरता दाखविणाऱ्या प्रक्षेपकावर काम करीत होते. पुढे ते वेट्सलार येथील लाइट्स कारखान्यात गेले व त्यांनी बारनाक यांचे नाव तेथे सुचविले.

वेट्सलार येथील काम

२ जानेवारी १९११ रोजी बारनाक लाइट्स कारखान्यात दाखल झाले. सूक्ष्मदर्शकांशी संबंधित प्रयोगविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. छायाचित्रणाचे कॅमेरे हा या कारखान्याचा व्यवसाय नव्हता. मात्र मेखाउ यांच्या प्रक्षेपकामुळे चित्रपटाची फिल्म कारखान्यात आली होती. बारनाक यांनी स्वतः धातूचा एक चलच्चित्र कॅमेरा तयार केला व त्याने वेट्सलार परिसरात चित्रणही केले.

चित्रपटाच्या फिल्मवरील रासायनिक थर काचपट्ट्यांच्या तुलनेत बारीक कणांचा असे. येना येथे फसलेल्या प्रयोगासाठी योग्य असा पदार्थ आता त्यांना मिळाला. फिल्मचा एक लहान तुकडा वापरून प्रकाशाचे योग्य प्रमाण आधी तपासावे, या गरजेतून त्यांचा लहान कॅमेरा जन्मास आला असेही मानले जाते. प्रत्यक्षात व्यावसायिक गरज व वैयक्तिक छंद अशा दोन्ही कारणांचा त्यात वाटा असावा.

मूळ लायका

१९१३–१४ च्या सुमारास बारनाक यांनी तयार केलेला नमुना ‘उर-लायका’, म्हणजे मूळ लायका, या नावाने ओळखला जातो. चित्रपटात फिल्म उभी सरकते व एका चित्राचे माप १८ × २४ मि.मी. असते. बारनाक यांनी फिल्म आडवी सरकविली व दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. त्यातून २४ × ३६ मि.मी. हे दोनास तीन प्रमाणाचे माप मिळाले. गोलाकार टोकांचे धातूचे अंग, आत कापडी पडद्यांचे शटर, आणि एकच गुंडी फिरविली असता फिल्म पुढे सरकून शटरही ताणले जाणे ही त्याची वैशिष्ट्ये होती. या जोडणीमुळे एकाच जागी दोन चित्रे घेतली जाण्याची चूक टळली. मात्र शटर ताणताना पडद्यांमधील फट उघडी राहत असल्यामुळे त्या वेळी भिंगावर झाकण लावावे लागे.

३५ मि.मी. फिल्मवर स्थिर चित्रे घेणारा हा पहिलाच कॅमेरा नव्हता. अमेरिकेत याच सुमारास तशा प्रकारचे कॅमेरे विकले जात होते. परंतु खिशात मावणारा आकार, अचूक बांधणी व हातात धरून झटपट वापरण्याची सोय यांचा मेळ बारनाक यांच्या नमुन्यात अधिक चांगला साधला होता. कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्स (पहिले) यांनी १९१४ साली न्यूयॉर्कच्या प्रवासात असा एक नमुना सोबत नेला होता.

बारनाक स्वतः हा कॅमेरा सतत बाळगीत. कुटुंबातील मुले, वेट्सलारमधील रस्ते व घरे हे त्यांचे नेहमीचे विषय होते. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताना वेट्सलारच्या चौकात सैन्यभरतीचा हुकूम भिंतीवर डकविला गेला, तो प्रसंग त्यांनी टिपला. १९२० साली गावात आलेल्या पुराचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. तिवई न मांडता, घडणाऱ्या प्रसंगाच्या मध्ये उभे राहून घेतलेली ही छायाचित्रे वृत्तछायाचित्रणाच्या पुढील वाटचालीची आरंभीची उदाहरणे मानली जातात.

उत्पादनाचा निर्णय

युद्धामुळे कॅमेऱ्याचे काम मागे पडले. १९२० साली एर्न्स्ट लाइट्स (पहिले) यांचे निधन झाले व कारखाना त्यांचे पुत्र एर्न्स्ट लाइट्स (दुसरे) यांच्याकडे आला. या सुमारास कारखान्यातील प्रकाशशास्त्रज्ञ माक्स बेरेक यांनी या कॅमेऱ्यासाठी ५० मि.मी. नाभीय अंतराचे व ३.५ छिद्रमानाचे भिंग तयार केले. लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत काढावयाची असल्यामुळे भिंग अत्यंत रेखीव असणे आवश्यक होते. बारनाक यांचे यंत्र व बेरेक यांचे भिंग अशा दोन्ही गोष्टी जुळून आल्यावरच कॅमेरा विक्रीयोग्य झाला. पाच घटकांचे हे भिंग पुढे ‘एल्माक्स’ व त्याची चार घटकांची सुधारित आवृत्ती ‘एल्मार’ या नावाने प्रसिद्ध झाली.

१९२३ साली चाचणीसाठी काही थोडे कॅमेरे बनविण्यात आले. त्यांना ‘शून्य मालिका’ म्हणतात. ते व्यापारी व छायाचित्रकार यांच्याकडे अभिप्रायासाठी देण्यात आले, पण मते संमिश्र आली. टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हवरून गंभीर काम होईल, यावर अनेक व्यावसायिकांचा विश्वास बसेना. शिवाय प्रत मोठी करण्याची साधने सर्वसामान्यांकडे नव्हती, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तीही बनवून विकावी लागणार होती.

देशात १९२३ साली चलनफुगवट्याने अर्थव्यवस्था कोसळली होती. सूक्ष्मदर्शकांवर नाव मिळविलेल्या कारखान्याने अनोळखी बाजारात पैसा गुंतवावा किंवा नाही, यावर जून १९२४ मध्ये दीर्घ चर्चा झाली. जाणत्या सल्लागारांचा कल विरोधाकडे होता. कॅमेरा चालला नाही तर कारखान्याचे मोठे नुकसान होणार होते आणि चालला तर कठीण काळात कामगारांना काम मिळणार होते. अखेर एर्न्स्ट लाइट्स (दुसरे) यांनी जोखीम पत्करून उत्पादनाचा निर्णय दिला. बारनाक यांच्या दहा वर्षांच्या कामाचे भवितव्य या एका निर्णयावर अवलंबून होते.

मार्च १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळाव्यात हा कॅमेरा लोकांसमोर आला. ‘लाइट्स’ व ‘कॅमेरा’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून त्याचे ‘लायका’ असे नामकरण करण्यात आले. शटर ताणताना पडद्यांमधील फट आता आपोआप झाकली जात असल्याने भिंगावर झाकण ठेवण्याची गरज उरली नव्हती. एका रिळावर ३६ चित्रे येत. बारनाक यांच्या पसरलेल्या दोन हातांत मावेल एवढी फिल्म घेतल्यामुळे हा आकडा ठरला अशी एक आख्यायिका सांगितली जाते.

अंतरमापकाची जोड

१९२५ च्या लायकामध्ये विषयाचे अंतर अंदाजाने ठरवून भिंगावरील आकड्यांवर जुळवावे लागे. अचूकता हवी असल्यास कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत स्वतंत्र अंतरमापक बसवीत. त्यावर अंतर वाचून ते पुन्हा भिंगावर उतरवावे लागे व तेवढ्यात प्रसंग निसटून जाई. १९३० साली भिंगे बदलण्याची सोय झाली आणि १९३१ साली भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मि.मी. असे प्रमाणित करण्यात आले. त्यामुळे कोणतेही भिंग कोणत्याही लायकाला चालू लागले. मात्र लांब नाभीय अंतराच्या व मोठ्या छिद्राच्या भिंगांत स्पष्टतेची खोली फार कमी असते, तेथे अंदाज पुरा पडत नाही.

१९३२ साली आलेल्या ‘लायका २’ मध्ये ही अडचण दूर झाली. तिच्या माथ्यावर सुमारे ४ सें.मी. अंतरावर दोन लहान खिडक्या आहेत. एका खिडकीतून दृश्य थेट दिसते. दुसरीतून आलेले दृश्य आतील परावर्तकावरून वळून अर्धपारदर्शक आरशाद्वारे पहिल्यावर पडते. भिंग फिरविले की त्याची मागील कडा पुढे-मागे सरकते, तिला टेकलेली चाकाची तरफ हलते व परावर्तक वळतो. दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की भिंग त्या विषयावर जुळलेले असते. अंतर वाचण्याची व उतरविण्याची पायरी त्यामुळे नाहीशी झाली. हे सर्व भाग बसवूनही कॅमेऱ्याचा आकार फारसा वाढला नाही.

त्याच वर्षी झाइस इकॉन कंपनीने ‘काँटॅक्स’ हा धातूच्या पडद्याचा व अधिक रुंद पायाच्या अंतरमापकाचा प्रतिस्पर्धी कॅमेरा आणला. १९३३ साली आलेल्या ‘लायका ३’ मध्ये एक सेकंदापर्यंतच्या मंद गती मिळाल्या, तर १९३५ च्या ‘३-अ’ मध्ये १/१००० सेकंदाची गती आली. बारनाक यांच्या हयातीत आलेली ही अखेरची महत्त्वाची सुधारणा होय.

मृत्यू

१६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे वयाच्या ५६ व्या वर्षी बारनाक यांचे निधन झाले. ते शेवटपर्यंत कारखान्याचे नोकरदार होते.

बारनाक लायकाचा वापर व निगा

बारनाक यांच्या रचनेतील कॅमेऱ्यांत विद्युत भाग नाहीत. स्क्रू, दातेरी चाके, कमानी व कापडी पडदे एवढ्यावर ते चालतात, म्हणून कुशल कारागिराला ते उघडून पुन्हा जुळविता येतात. तथापि वापरणाऱ्याने काही गोष्टी सांभाळणे आवश्यक असते.

फिल्म भरणे : या कॅमेऱ्यांची पाठ उघडत नाही, फिल्म तळातून भरावी लागते. आजच्या फिल्मचे कापलेले टोक आखूड असते. ते सुमारे १० सें.मी. लांब कापून घेतले नाही, तर फिल्म दातेरी चाकावर अडते व तिचे तुकडे शटरमध्ये शिरू शकतात. गुंडाळणीची गुंडी फिरविताना परतीची गुंडीही फिरत असेल, तर फिल्म पुढे सरकत आहे असे समजावे.

शटर : शटरची गती फिल्म पुढे सरकविल्यावर, म्हणजे शटर ताणल्यावरच निवडावी, कारण त्याच स्थितीत गतीचा आकडा खुणेसमोर बरोबर येतो. शटर ताणलेल्या अवस्थेत कॅमेरा दीर्घकाळ ठेवू नये. पडदे रबर चढविलेल्या कापडाचे असतात. काही दशकांनंतर रबर कडक होऊन त्याला बारीक छिद्रे पडतात आणि छापील चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. भिंग उघडे ठेवून कॅमेरा सूर्याकडे वळलेला राहिल्यास एकवटलेल्या किरणांनी पडदा जळू शकतो, म्हणून काम नसताना भिंगावर झाकण ठेवण्याची शिस्त महत्त्वाची आहे. चित्राची एक बाजू दुसरीपेक्षा काळी येऊ लागली, तर दोन्ही पडद्यांचा वेग जुळत नाही असा त्याचा अर्थ होतो. जुने वंगण घट्ट झाल्यास मंद गती प्रथम अडखळतात. अशा वेळी बाहेरून तेल सोडणे घातक ठरते. यंत्र उघडून, धुऊन नवे वंगण अत्यल्प प्रमाणात लावणे हाच त्यावर उपाय आहे. पेटीत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा अधूनमधून चालविलेला कॅमेरा सुस्थितीत राहतो.

अंतरमापक : भिंग अनंत अंतराच्या खुणेवर ठेवून दूरचा मनोरा किंवा चंद्र पाहिला असता दोन प्रतिमा एकरूप दिसल्या पाहिजेत. त्या आडव्या किंवा उभ्या दिशेने सरकलेल्या दिसल्यास पुन्हा जुळणी करावी लागते. अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडाल्यास दुसरी प्रतिमा फिकट होत जाते व तो आरसा बदलावा लागतो.

भिंग : एल्मार भिंग मिटून कॅमेऱ्याच्या अंगात बसते. चित्र घेण्यापूर्वी ते पूर्ण ओढून फिरवून पक्के न केल्यास चित्र अस्पष्ट येते. जुन्या भिंगांच्या आतील पृष्ठांवर धूसर थर जमतो. मुंबई, कोकण व गोव्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागण्याचा धोका अधिक असतो. चामडी पेटी ओलावा धरून ठेवत असल्यामुळे कॅमेरा तीत ठेवू नये. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात किंवा हवेशीर, उजेडाच्या जागी तो ठेवणे हितावह असते.

बनावट कॅमेरे : सोव्हिएत संघात बनलेल्या ‘फेड’ व ‘झोर्की’ या प्रतिकृतींवर लायकाची अक्षरे कोरून त्या विकल्या जातात. भिंग काढून पाहिल्यास अस्सल लायकात अंतरमापकाच्या तरफेला गोल चाक दिसते, तर या प्रतिकृतींत बहुधा निमुळता धातूचा तुकडा असतो.

प्रभाव व वारसा

लहान कॅमेऱ्यामुळे छायाचित्रकार तिवईपासून मोकळा झाला व माणसांमध्ये मिसळून काम करू लागला. रशियातील अलेक्सांद्र रोद्चेंको, फ्रान्समधील आंरी कार्तिए-ब्रेसाँ इत्यादींनी लायकाचा वापर केला. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांची व अंत्ययात्रेची कार्तिए-ब्रेसाँ यांनी दिल्लीत घेतलेली छायाचित्रे सर्वज्ञात आहेत.

बारनाक यांच्या रचनेच्या प्रतिकृती अनेक देशांत झाल्या. खार्किव येथे १९३४ पासून ‘फेड’ तयार होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन एकस्वांचे संरक्षण संपल्यावर जपानमधील निक्का, लिओटॅक्स इत्यादी कंपन्यांनी व ब्रिटनमधील रीड या कंपनीने तशाच रचनेचे कॅमेरे काढले. आटे असलेल्या भिंगाच्या लायकांचे उत्पादन १९६० च्या सुमारापर्यंत चालले, परंतु १९५४ साली आलेल्या ‘एम-३’ या नव्या रचनेने त्यांची जागा घेतली.

बारनाक यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७९ साली त्यांच्या नावाने छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार स्थापन करण्यात आला. शून्य मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा बारनाक यांच्या स्वतःच्या वापरातील होता. त्याच्या दृश्यदर्शकावर त्यांचे नाव कोरलेले आहे व तो वापराने झिजलेला आहे. त्याच्यावर चाचण्या घेऊन त्यांनी पुढील सुधारणा केल्या. त्यांच्या निधनानंतर तो त्यांचे पुत्र कोनराट यांच्याकडे होता. जून २०२२ मध्ये वेट्सलार येथील लिलावात या कॅमेऱ्याला १ कोटी ४४ लाख युरो एवढी किंमत आली. तोवर कोणत्याही कॅमेऱ्याला लिलावात एवढी किंमत मिळाली नव्हती.